सव्वासहाशे फूट धावदोरा

आमच्या माळ्यावरच्या गाठोड्यात तीन अर्धवट गोधड्या होत्या. एक नातवाचं दुपटं. तो २०१८ मध्ये झाला, आणि दुपटं पुरं व्हायच्या आत पहिलीत गेला. दुसरी सासूबाईंच्या सुती लुगड्यांची, डबल बेडची. तिसरीचं नुसतं वरचं पान, ठिगळं जोडून ठेवलेलं, आत काहीच नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत गाठोडं खाली यायचं, ऊन खायचं आणि डांबराच्या गोळ्या घालून परत वर जायचं. ते वर ठेवताना मला दरवेळी वाईट वाटायचं, सासूबाईंच्या लुगड्यांचं तर फारच.

आमच्याकडे गोधडीचा धावदोरा कडेनं सुरू करतात. चारी बाजूंनी फेऱ्या घेत घेत आत जायचं. पहिल्या फेऱ्या भराभर होतात, कारण कड मांडीवर घेता येते. पुढे सगळा बोजा अंगावर येतो, हात पोचत नाही, आणि थरांत कुठे झोळ राहिला असेल तर तो पुढे सरकत मध्ये फुगा धरतो. सासूबाईंच्या गोधडीला तिसऱ्याच फेरीत असा ताटाएवढा फुगा आला होता. तिथेच ती थांबली होती.

एकदा वहीत हिशोब मांडला. गोधडी ७ बाय साडेसात फूट. ओळी इंचभर अंतरावर धरल्या तर एकूण धावदोरा भरतो सुमारे ६३० फूट. माझा हात तासाला १२ फुटांच्या आसपास चालतो. म्हणजे पन्नासहून जास्त तास, तेही एकटीनं, भिंतीकडे तोंड करून. गोधड्या का राहतात ते त्या दिवशी मला कळलं.

आमच्या सोसायटीत पाच जणी गोधडी शिवणाऱ्या निघाल्या. बुधवारी दुपारी ३ ते ५ खालच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून बसायचं ठरलं. साताऱ्याकडच्या मावशी आमच्यात सगळ्यांत थोरल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सावड घालू. एकीची संपल्याबिगर दुसरीची उघडायची न्हाई." शेतात आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, तसंच हे. चौघी चार बाजूंना, आणि पाचवी दहा-बारा सुयांत दोरा ओवून ठेवणार. साठीनंतर निम्मा वेळ सुईच्या नाकातच जातो, त्यामुळे हे पाचवीचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

पहिली पाळी माझी आली. मावशींनी फुग्यावरून तळवा फिरवला, थर चिमटीत धरून एकेक सरकवून पाहिला आणि विचारलं, "मधी काय घातलंस?" वजन कमी व्हावं म्हणून मी लुगड्यांच्या मध्ये एक सिंथेटिक साडी घातली होती. सुती कापड सुती कापडाला धरून बसतं, पण ती साडी घसरत होती आणि वरचं लुगडं बरोबर ओढत होती. "उसव," एवढंच म्हणाल्या. तीनही फेऱ्या उसवल्या. साडी काढली, तिच्या जागी सासऱ्यांचं जुनं धोतर घातलं. मग पाचही जणी वाकून बसलो. मधून कडेकडे तळव्यानं कापड सपाट करत, हातभर अंतरावर लाल रंगाचा कच्चा दोरा घातला, नंतर ओढून काढताना दिसावा म्हणून. या कामात एक अख्खा बुधवार गेला. पण घरी एकटीनं हेच नीट होत नाही. एक कोपरा ताणला की समोरचा आत येतो. समोर धरायला माणूस लागतंच.

पुढचे सात बुधवार धावदोरा. घरी मी त्या गोधडीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, पण एका रात्री लावला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे टाके मोठे पडतात, बोटाच्या पेराएवढे. मला ते बघवेनात, म्हणून त्यांची एक ओळ उसवून बारीक टाक्यांनी परत घातली. बुधवारी काकू आपल्या बाजूला बसल्या, ओळीवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता पुढची ओळ धरली. त्या दुपारी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उठताना मी त्यांची माफी मागितली. ज्या बाईनं माझ्या सासूच्या लुगड्यात दोन-दोन तास पाठ मोडून टाके घातले, तिचा टाका उसवायचा मला काही अधिकार नव्हता. त्यांच्या बाजूचे मोठे टाके आता तसेच आहेत.

दुपट्याचं काम मात्र मी घरीच केलं. तीन फुटांचं दुपटं मध्ये ठेवून चारी बाजूंनी नव्या कापडाच्या रुंद पट्ट्या लावल्या. नवं सुती कापड आधी रात्रभर पाण्यात घालून वाळवलं. तसं न करता शिवलं तर पहिल्या धुण्यात पट्ट्या आटतात आणि जुन्या मऊ कापडाला चुण्या पडतात. आतले थर चार बोटं एकमेकांवर चढवले, म्हणजे जोडावर खळगा पडत नाही. आता ती सिंगल गोधडी झाली आहे आणि नातू तिच्यात पाय पसरून झोपतो.

सातव्या बुधवारी सासूबाईंच्या गोधडीत मधोमध वीतभर जागा उरली. तिथे एकीचाच हात मावतो. मावशींनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, "येताना भाकरी आण, ज्वारीची." त्यांच्या घरी गोधडी संपवताना मध्ये भाकरीचा कोरडा तुकडा ठेवून वरून ठिगळ शिवतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. बेळगावकडच्या वहिनी म्हणाल्या, तिकडे हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचं फूल लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं धरत नाहीत. मग आम्ही तेही केलं. सासूबाईंच्या हिरव्या काठाचे तुकडे उरले होते, त्यांचीच चार फुलं झाली.

भाकरीचा नखाएवढा तुकडा मी ठेवला. त्यावरचं ठिगळ काकूंनी शिवलं, त्यांच्या मोठ्या टाक्यांनी. मग लाल कच्चा दोरा ओढून काढला, गोधडी झटकली, घडी घातली. पुढच्या बुधवारी काकूंची गोधडी पसरायची आहे. सुयांत दोरा ओवायचं काम मी मागून घेतलंय.