दोन टप्पे

रविवार, रात्री साडेअकरा

लागलं होतं. उगाच आता नाही कशाला म्हणू? शटल माझ्या रॅकेटच्या कडेला पुसटसं लागून बाहेर गेलं, बारीक टिक् झालं, ते मला एकट्याला ऐकू आलं. लागून बाहेर गेलं म्हणजे पॉइंट त्यांचा. 19-19 झाले होते. बी विंगवाल्यांनीच ‘आउट, आउट’ म्हणत पॉइंट आम्हाला देऊन टाकला. आणि मी? बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

जिंकलो. काकांनी पाठीत धपाटा घातला. हरणाऱ्यांचा चहा, तोही प्यायलो. प्रकरण तिथंच मिटायचं, तर आंघोळीला गेल्यावर डोक्यात कॅस्पर रूड, तो नॉर्वेचा टेनिसपटू.

2022 ची यूएस ओपन फायनल. मॅच सुरू झाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड. समोर अल्काराझ, आणि जिंकेल तो जगात पहिला. पहिल्याच सेटमध्ये या बाबाने अंपायरला आपण होऊन सांगितलं, मी पोचायच्या आत चेंडूचे दोन टप्पे पडले होते. दोन टप्पे म्हणजे पॉइंट समोरच्याचा. देऊन मोकळा! मी अर्धवट झोपेत म्हटलं होतं, अरे गाढवा.

पुढे तिसऱ्या सेटमध्ये त्याचे दोन सेट पॉइंट हुकले, टायब्रेक 7-1 असा गेला, मग चौथा सेटही. जगात दुसरा. त्याच वर्षी पॅरिसला, फ्रेंच ओपनच्या फायनलमध्ये, नदालपुढे दुसऱ्या सेटमध्ये 3-1 ने पुढे होता, तिथून सलग अकरा गेम गेले. ज्याच्या अकादमीत घाम गाळायचा, त्याच्याकडूनच. पुढच्या वर्षी पुन्हा पॅरिस, या वेळी जोकोविच. तीन ग्रँड स्लॅम फायनल, हातात भोपळा.

पण दोन टप्प्यांचं ते वाक्य त्याच्या तोंडून इतकं पटकन आलं कसं? नाडीबिडी काही नाही. मला वाकायला वेळ मिळाला, म्हणजे विचार करायलाही मिळाला होताच की.

त्याचं काय जातंय म्हणा. बाप स्वतः एकेकाळी जगात 39वा, तोच कोच. आमच्या वाट्याला 19-19 तरी कितीदा येतं? ऑफिसात परवा जे झालं त्यानंतर तर... जाऊ दे. एखादा पॉइंट मला फुकट मिळाला तर कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं काहीच नाही. चहा तेवढा घशात अडकलाय.

बरं, बापामुळे म्हणावं तर बापालाही कधी एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस टूरचा, किताब मिळाला नव्हता. अख्ख्या नॉर्वेत कुणालाच नव्हता. पहिला यानेच आणला, 2020 मध्ये, ब्युनोस आयर्सहून. बर्फाच्या देशातला पोरगा, आणि हुकमी मैदान लाल मातीचं. 2025 मध्ये माद्रिदला ड्रेपरला तीन सेटमध्ये हरवून मास्टर्सही, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा, मिळवलं. त्या रात्री मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, ही ‘हळू’ म्हणाली.

काकांना सांगू का? ते म्हणतील, गाढवा.

बुधवारी चहाचे पैसे मी देईन. कुणी कारण विचारलंच, तर नाडी आहेच.