गुरुवार, रात्री साडेआठ

मी मूळचा वसईचा. आमच्याकडे पावलापावलावर चर्च, मराठीतून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, झालं की पोरगं आपोआप युवा गटात. 2022 साली गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि मी कोल्हापूरला आलो. इथं ख्रिस्ती म्हटलं की लोक आधी वायल्डर मेमोरियल या प्रोटेस्टंट चर्चचं नाव घेतात. साहजिकच आहे, अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली या गावात आले, तेव्हापासूनचा तो इतिहास. आम्ही कॅथलिक त्या मानाने मूठभर. त्यातही विशी-तिशीतले बहुतेक बाहेरून आलेले. केरळच्या नर्स, गोव्याची इंजिनिअरिंगची मुलं, विद्यापीठात शिकणारे, माझ्यासारखे नोकरदार. रविवारी मिस्सा संपली की दहा मिनिटांत आवार रिकामं व्हायचं. दीड वर्ष मी मिस्सेला गेलो आणि मला नावाने हाक मारणारे दोघंच होते. एक फादर, दुसरे गेटवरचे काका.

शेवटी 2024 च्या प्रायश्चित्तकाळाआधी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांआधी, फादरांना जाऊन भेटलो. "फादर, तरुणांचा गट सुरू करायचाय. परवानगी कुणाची लागते?" त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत कलम 215 आहे. त्यानुसार श्रद्धावंतांना एकत्र येऊन सेवेसाठी, भक्तीसाठी संघ काढण्याचा हक्कच आहे. मात्र संघाच्या नावात 'कॅथलिक' शब्द घालायचा असेल तर कलम 300 प्रमाणे चर्चच्या अधिकाऱ्यांची संमती लागते. फादर म्हणाले, "नाव, शिक्का, अध्यक्ष, खजिनदार यात आत्ताच पडू नकोस. खोली देतो, किल्ली देतो. आधी माणसं जमव." म्हणून आमच्या गटाला आजही नाव नाही.

माणसं जमवायला मी जे केलं ते चुकलं. बारा आठवड्यांचा तक्ता बनवला. पहिल्या आठवड्यात प्रार्थना म्हणजे काय, दुसऱ्यात संस्कार, तिसऱ्यात विवाह, असं. मिस्सेनंतर घोषणा झाली, सूचनाफलकावर कागद लागला. पहिल्या रविवारी संध्याकाळी अकरा जण आले. मी पाऊण तास बोललो. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी मी आणि एक नर्स, दोघंच. ती केरळची, पेशंटशी बोलून बोलून मराठी शिकलेली. मी तक्ता काढायला लागलो तर ती म्हणाली, "दादा, हे सगळं मी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकले. होस्टेलवर रात्री जेवताना कुणी बोलायला नसतं, त्याचं काय?"

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मलाही तेच हवं होतं की. मी स्वतः एकटा होतो आणि एकट्या माणसांना व्याख्यान देत होतो. पोप फ्रान्सिस यांनी 25 मार्च 2019 रोजी सही केलेलं तरुणांसाठीचं पत्र मी पूर्वी वरवर वाचलं होतं. ते पुन्हा काढलं. त्यात ते म्हणतात की तरुणांना घर वाटेल अशी जागा उभी करायला हवी. माझ्या तक्त्यात घर कुठंच नव्हतं.

मग तक्ता ठेवून दिला आणि एक शंभर पानी वही घेतली. रविवारी मिस्सेनंतर गेटजवळ उभा राहून एकेकाशी बोलायचं आणि घरी येऊन लिहायचं: नाव, गाव, काम, सुट्टी कधी. सहा रविवारांत सत्तावीस नावं झाली. त्या वहीनेच डोळे उघडले. रविवारची संध्याकाळ मी माझ्या मनाने ठरवली होती, पण माझ्या कारखान्याची सुट्टी सोमवारी, नर्सची ड्युटी दर आठवड्याला बदलणारी आणि विद्यार्थी शनिवार-रविवार गावी. सगळ्यांना त्यातल्या त्यात जमणारी वेळ निघाली गुरुवार, रात्री साडेआठ. दुपारपाळीच्या नर्स आठला सुटतात, त्या थेट येऊ शकतात.

गडहिंग्लजचा एक मुलगा वहीत होता, शिरोलीला फौंड्रीत कामाला. त्याला विचारलं तर म्हणाला, "वाचायबिचायला मला जमत न्हाई. नुसतं बसायचं असंल तर येतो की." म्हटलं, ये. नुसतं बस.

तेव्हापासून ठरलं ते असं. आधी जेवण. कुणी भाकरी आणतं, कुणी भात, एका होस्टेलवाल्याने एकदा नुसते केळ्यांचे दोन डझन आणले. मग येत्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा उतारा, तीनदा वाचायचं, एकदा मराठीतून, एकदा मल्याळममधून किंवा कोंकणीतून, पुन्हा मराठीतून. मध्ये पाच मिनिटं शांतता. नंतर ज्याला जो शब्द लागला तो त्याने सांगायचा, कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही. मल्याळममधून वाचलेलं मला एक अक्षर कळत नाही, पण ती नर्स आपल्या भाषेत वाचायला लागते तेव्हा तिचा आवाजच बदलतो. मराठीत ती जपून बोलते, तिकडे ती घरी असते.

दहाच्या आत खोली बंद, कारण होस्टेलचं गेट. रविवारी कधी रंकाळ्याला चालत फेरी आणि जपमाळ. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांसाहार वर्ज्य, त्यामुळे क्रुसाची वाट (येशूच्या दुःखाची आठवण करणारी प्रार्थना) झाली की सगळे मिळून मिसळ. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात ही सोय फार मोठी आहे.

वर्षभर आकडा आठ ते चौदा. मधे दोन गुरुवार तिघंच होतो, तरी जेवण आणि वाचन झालं. मग 21 एप्रिल 2025, ईस्टरनंतरचा सोमवार. मला सुट्टी होती. दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. मी कुणालाही निरोप पाठवला नाही. संध्याकाळी सातला सहज चर्चकडे गेलो तर पायरीवर सहा जण बसलेले. आठ वाजेपर्यंत तेवीस झाले. फौंड्रीतला मुलगा सुट्टीचा दिवस म्हणून गडहिंग्लजला गेला होता, तो एसटीने परत आला. आम्ही जपमाळ केली. त्याने पहिल्यांदा पुढे होऊन एक दशक, म्हणजे जपमाळेतला दहा मण्यांचा भाग, म्हटलं, अडखळत, पण पूर्ण.

त्या वर्षी 7 सप्टेंबरला इटलीच्या पिएर जॉर्जो फ्रासाती यांना संतपद मिळालं. त्यांनी तरुणपणी मित्रांचा एक गट काढला होता. डोंगर चढायचे, एकमेकांसाठी प्रार्थना करायची. तुरिनमधल्या गरिबांच्या घरी ते गुपचूप जायचे आणि 1925 साली चोविसाव्या वर्षी गेले. संतपदाच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, कोल्हापूर रात्रभर जागं होतं. आम्ही अकरा जण खोलीत एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसून रोमची मिस्सा बघितली. पुढच्या रविवारी पन्हाळ्याला गेलो. तिथं तीन दरवाज्याजवळ बसून ठरलं की महिन्यातून एकदा, कुणी आजारी असेल, कुणी म्हातारं एकटं असेल, त्यांच्या घरी जायचं.

ती नर्स आता आयर्लंडला गेली. जाण्याआधी वही तिच्याकडे होती, कारण कोण आलं नाही हे सगळ्यात आधी तिच्याच लक्षात यायचं आणि ती दुसऱ्या दिवशी फोन करायची. तिने वही फौंड्रीतल्या मुलाला दिली. खोलीची किल्लीही आता त्याच्याकडेच असते.

मागच्या गुरुवारी मला ताप होता, गेलो नाही. सव्वानऊला फोन वाजला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी हसत होतं. "दादा, आज आला न्हाईसा. बरं हाय न्हवं? डबा घिऊन येतो, दार उघडं ठेवा."