खोक्यातले ४१ दगड: सहाव्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत ४१ पैकी ३३ दगड ओळखून झाल्याचं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तो आकडा मागे घेतो. आज खात्रीचे २४.

सगळं बिनसलं ११ नंबरमुळे. पांढराशुभ्र, साखरेसारखा दाणेदार. 'संगमरवर' अशी चिठ्ठी मी डोळे झाकून चिकटवली होती. परवा सहज त्यावर चाकूचं टोक ओढलं, तर दगडाला ओरखडा नाहीच, उलट चाकूच झिजून दगडावर करडी रेघ उमटली. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, मोह्सच्या मापावर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) काठिण्य ३. चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास. संगमरवर असता तर दगड हरायलाच हवा होता. कॅल्साइट आम्लात फसफसतो, म्हणून व्हिनेगरचा थेंब टाकला, एक बुडबुडा नाही. म्हणजे खनिज गारगोटी (क्वार्ट्झ), काठिण्य ७, आणि दगड क्वार्टझाइट. दोघेही रूपांतरित, म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेले, पण संगमरवराचा पूर्वज चुनखडक आणि याचा वालुकाश्म. रंगावरून चिठ्ठी लावणं तेव्हापासून बंद.

आता दहापट भिंगाखाली एकच गोष्ट आधी बघतो: दाणे एकमेकांना धरून कसे बसलेत?

वालुकाश्मात ते चिकटवलेले असतात. वाळूचे कण (२ मिलिमीटरपासून त्याच्या बत्तिसाव्या भागापर्यंत) साचतात, वरच्या थरांच्या भाराने दबतात आणि त्यांच्या फटींतून झिरपणारं पाणी सिलिका, कॅल्साइट किंवा लोहाची संयुगं मागे ठेवून त्यांना सांधतं. म्हणून असा दगड फुटताना चीर दाण्यांना वळसा घालून जाते. क्वार्टझाइटमध्ये दाणे पुन्हा स्फटिकीभवन होऊन एकजीव झालेले असतात, तिथे चीर थेट दाण्यांमधून जाते. ११ नंबरची ताजी फोड तशीच निघाली. (फोडताना गॉगल घाला. एक कपची कानाजवळून गेली तेव्हा मला हे सुचलं.)

या व्हिनेगरनेच १७ नंबरवर मला चकवलं. चक्क फसफसला, म्हणून मी त्याला चुनखडक ठरवला. भिंगातून पाहिलं तर दाणे गारगोटीचे, फसफसत होता तो त्यांना सांधणारा कॅल्साइट! तेव्हा थेंब टाकलात तर बुडबुडे नेमके कुठून निघतात तेही पाहा.

अग्निज खडकांत दाणे ना चिकटवलेले, ना दबलेले. वितळलेल्या रसातून वाढत एकमेकांत गुंतलेले. जमिनीखाली खोलवर रस हळूहळू निवतो, स्फटिकांना वाढायला सवड मिळते, ग्रॅनाइट होतो. पृष्ठभागावर लाव्हा लवकर थिजतो, दाणे नुसत्या डोळ्यांना दिसेनात इतके बारीक राहतात, तो बेसाल्ट. अगदीच झटपट गोठला तर काच, म्हणजे ऑब्सिडियन. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हॉलने बेसाल्टी दगड भट्टीत वितळवून हे करून दाखवलं: भरभर निववला तर काच, सावकाश निववला तर पुन्हा दाणेदार दगड. बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साचतो असं मानणारे अभ्यासक तेव्हा बरेच होते. गंमत म्हणजे हॉलचा मित्र, भूशास्त्रज्ञ जेम्स हटन बेसाल्ट अग्निज असल्याचंच सांगत होता, पण पृथ्वीचे व्यवहार मुशीत डोकावून कळतील यावर त्याचा विश्वास नव्हता. हॉलने निष्कर्ष मांडले ते हटनच्या मृत्यूनंतर, १७९८ मध्ये.

नाइस आणि ग्रॅनाइट यांत मी अजून अडखळतो. खनिजं बहुतेक तीच: गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रक. पण नाइसमध्ये ती पट्ट्यांत लावलेली, कारण हा खडक न वितळता, घन असतानाच दाबाखाली बदलला आणि अभ्रकाची पानं दाबाला आडवी झाली. चिखलाच्या दगडाचा हा प्रवास खोक्यात ओळीने मांडलाय: शेल, पाटीचा दगड, शिस्ट, नाइस. पाटीचा दगड आणि शिस्ट यांच्यामधला रेशमी चमकेचा फायलाइट तेवढा नाही, त्याची जागा रिकामी ठेवलीय.

बाकी १७ पैकी सर्वांत छळतोय तो २९ नंबर. काळा, बारीक दाण्यांचा, चाकूला दाद न देणारा. बेसाल्ट म्हणावा तर वायूच्या बुडबुड्यांची एकही पोकळी नाही, पण ती सगळ्याच बेसाल्टमध्ये असते असंही नाही. तप्त रसाशेजारी भाजून निघालेला हॉर्नफेल्सही असाच दिसतो. रविवारी त्याची ताजी फोड काढणार, गॉगल लावून.