सीडीत सीडी

मे महिन्यात आमच्या गल्लीतून जाताना नाक आणि डोळे दोन्ही सांभाळावे लागतात. कोपऱ्यावरच्या कांडपात कुणाची ना कुणाची वर्षाची चटणी चाललेली असते. बाहेरगावचे तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, कोल्हापुरात ती नुसती चटणी. आईचं ठरलेलं आहे : रंगाला ब्याडगी, ठसक्याला संकेश्वरी. यंदा ती डबा घेऊन कांडपाला गेली आणि मी राजारामपुरीतल्या घरी माझी चटणी करत बसलो.

माझी म्हणजे बॅशमधली. शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा संगणकाकडून करून घेणारा प्रोग्रॅम. १९८९ साली ब्रायन फॉक्सनं आणलेलं बॅश हे शेल रोज माझ्या पोटापाण्याला लागतं. त्यातली सीडी ही आज्ञा फोल्डर बदलते. ग्रेप, सॉर्ट अशा आज्ञा म्हणजे बाहेरची मंडळी, वेगळे प्रोग्रॅम. बोलावलं की येतात, काम उरकून जातात. सीडीचं तसं चालत नाही. कुठला प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरात उभा आहे, हा हिशेब ज्याचा त्याच्याकडं. सीडी बाहेरून आली असती तर स्वतःच फोल्डर बदलून मोकळी झाली असती आणि शेल होतं तिथंच! रंकाळ्याला जायला रिक्षा बोलवावी आणि रिक्षावाल्यानं एकट्यानंच फिरून यावं, तसं. म्हणून ती शेलच्या पोटातच असते.

मला वाटलं, फोल्डर बदललं की आतल्या फायलींची यादीही आपोआप दिसावी. सीडी याच नावाचं फंक्शन, म्हणजे घरगुती आज्ञा, लिहिलं : आधी सीडी, मग यादी दाखवणारी एलएस. नवी खिडकी उघडली की बॅश जी आधी वाचतं, त्या बॅशआरसी फाइलमध्ये ते टाकलं. त्याच फाइलच्या शेवटी कामाच्या फोल्डरात नेणारी सीडीची जुनी ओळ होती, ती विसरलो.

शेलची नवी खिडकी उघडली. क्षणभर थांबली, मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. सात-आठ वेळा तेच केलं. (आठव्यांदा काय वेगळं होणार होतं, कुणास ठाऊक.)

तेवढ्यात आई शिंकत शिंकत आली. तिला सांगितलं, माझी सीडी आत सीडीला बोलावते, पण शेल पोटातल्या आज्ञेआधी फंक्शन बघतं, म्हणून ती पुन्हा स्वतःलाच बोलावते, ती पुन्हा स्वतःला...

"म्हणजे चटणी करायला चटणीच घातलीस की रं. मिरची कुठाय?"

मिरची म्हणजे बिल्टिन हा शब्द. फंक्शनमधल्या सीडीच्या आधी तो लिहिला की शेल थेट मूळ सीडीला गाठतं. एडिटरमधून फाइल उघडली, शब्द घातला. खिडकी उघडी राहिली.

परवा ऑफिसच्या सर्व्हरवर सीडी केलं आणि यादीची वाट बघत बसलो. तिथं कुठली माझी चटणी! पुण्याला निघताना आई बरणी बांधून देते, तशी ती फाइलही न्यायला हवी होती.