बर्फाखालचा तळ शोधताना: अर्ज करण्याआधी एक रडारग्राम वाचा

ग्रहांच्या आणि धूमकेतूंच्या पोटात डोकावणारं रडार हा विषय इकडे युरोपात मुख्यतः तीन शहरांत नांदतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्सिसचं घर रोमचं सापिएन्झा विद्यापीठ, गुरूच्या चंद्रांकडे निघालेल्या राइमचं ट्रेंटो, आणि धूमकेतूच्या आरपार लहरी पाठवणाऱ्या कॉन्सर्टचं फ्रान्समधलं ग्रेनोबल. भारतातून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना आमचं एकच सांगणं आहे: संशोधनासाठी अर्ज लिहायला बसण्याआधी एक रडारग्राम स्वतः वाचून बघा. त्यासाठी लागणारी माहिती सगळ्यांना मोफत खुली आहे.

रडारग्राम म्हणजे परतलेल्या प्रतिध्वनींचं चित्र. तो दिसतो जमिनीच्या उभ्या छेदासारखा, पण तो छेद नव्हे. आडव्या बाजूला यानाची वाटचाल असते आणि उभ्या बाजूला वेळ. खोली त्यात कुठेच नसते, ती आपण काढायची.

नासाच्या पीडीएस या ग्रहविषयक माहितीच्या संग्रहातल्या जिओसायन्सेस नोडवर शॅरॅड या मंगळावरच्या रडारचे रडारग्राम मिळतात. उत्तर ध्रुवाच्या बर्फावरून गेलेली एखादी फेरी उतरवून घ्या. अमेरिकन गटाने तयार केलेल्या रडारग्राममध्ये उभ्या दिशेचा एक नमुना (सॅम्पल) म्हणजे 37.5 नॅनोसेकंद. समजा पृष्ठभागाचा प्रतिध्वनी 1,400 व्या नमुन्यावर आहे आणि तळाचा 2,000 व्या. फरक 600 नमुन्यांचा, म्हणजे 22.5 मायक्रोसेकंद. लहर खाली जाऊन वर आली, म्हणून निम्मे करा: 11.25. बर्फात लहरीचा वेग निर्वातातल्या वेगाला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या, म्हणजे पदार्थ लहरीला किती मंदावतो हे सांगणाऱ्या आकड्याच्या, वर्गमुळाने भागून येतो. शुद्ध बर्फाचा स्थिरांक सुमारे 3.1, म्हणून वेग मायक्रोसेकंदाला 170 मीटर. खोली आली साधारण 1,900 मीटर. वर्गमुळाने भागायचं राहिलं तर तोच तळ 3,400 मीटरवर जातो. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

शॅरॅडची शक्ती अवघी 10 वॉट. तरी काम भागतं, कारण ते एक तीक्ष्ण ठोका न देता 85 मायक्रोसेकंदांची लांब पल्स सोडतं आणि त्या काळात वारंवारता 25 पासून 15 मेगाहर्ट्झपर्यंत सरकवतं. परतलेली पल्स गणिताने आकसून घेतली की निर्वातात 15 मीटरपर्यंतचे थर वेगळे दिसतात. मात्र आकसताना मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना छोटी उपशिखरं उरतात. पृष्ठभागाच्या ठळक रेषेखाली तिला चिकटून धावणारी समांतर फिकट रेषा दिसली, तर नवा थर सापडला असं समजण्याआधी तिचा संशय घ्या.

याहून मोठा चकवा क्लटरचा, म्हणजे बाजूने येणाऱ्या नकोशा प्रतिध्वनींचा. अँटेना फक्त सरळ खाली बघत नाही, तिला आजूबाजूचंही दिसतं. यान 300 किलोमीटर उंचीवर असेल आणि वाटेच्या बाजूला 30 किलोमीटरवर विवराचा कडा असेल, तर त्या कड्याचं अंतर पायाखालच्या जमिनीपेक्षा दीड किलोमीटर जास्त भरतं. त्याचा प्रतिध्वनी 10 मायक्रोसेकंद उशिरा येतो आणि रडारग्राममध्ये बर्फाखाली 850 मीटरवर पुरलेल्या थरासारखा दिसतो. उपाय एकच: मंगळाच्या उंचसखलपणाच्या नकाशावरून असे प्रतिध्वनी आधी संगणकावर काढायचे आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. जी रेषा दोन्हीकडे आहे ती खोडायची. ही तयार चित्रंही पीडीएसवर मिळतात. ती न बघता काढलेल्या कुठल्याही निष्कर्षावर आमचा विश्वास नाही.

क्लटर खोडून उरलेला प्रतिध्वनी खरा असला, तरी तो कशाचा हे ठरवणं अवघडच. बर्फाखाली कोरडा खडक असेल तर परतणारी शक्ती पाच टक्क्यांच्या आसपास, आणि पाणी असेल तर 45 टक्क्यांच्या. त्यामुळे ठळक प्रतिध्वनी दिसला की मन पाण्याकडे धावतं. 2018 मध्ये मार्सिसच्या गटाने दक्षिण ध्रुवाजवळ दीड किलोमीटर खोलीवर सुमारे 20 किलोमीटर रुंदीचा असा ठळक पट्टा जाहीर केला आणि तिथे द्रवरूप पाणी असल्याचं मांडलं. पुढे इतरांनी दाखवलं की चिकणमातीची खनिजं, खारट बर्फ किंवा पातळ थरांमधून उलटणाऱ्या लहरींची बेरीजही तसाच ठळकपणा देऊ शकते. शॅरॅडला तर तिथे बराच काळ काहीच दिसत नव्हतं. त्याची अँटेना यानाच्या अंगामुळे अर्धवट झाकली जाते, म्हणून पुढे सबंध यान 120 अंशांत कलवून पाहण्याची युक्ती काढली गेली. 2025 मध्ये तशा निरीक्षणात तिथे अगदी क्षीण प्रतिध्वनी मिळाला, आणि पाण्याची बाजू आणखी लंगडी झाली.

धूमकेतूची गोष्ट निराळी, आणि आमच्या मते या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग तोच. 67पी या धूमकेतूवर नोव्हेंबर 2014 मध्ये रोझेटा यानातून सुटलेलं फिले हे छोटं यान उतरलं. रोझेटा पलीकडच्या बाजूला असताना कॉन्सर्टने 90 मेगाहर्ट्झची लहर धूमकेतूच्या दोन गोळ्यांपैकी लहान गोळ्यातून आरपार पाठवली. तिथे 700 मीटरच्या वाटेवर लहरीला निर्वातातल्यापेक्षा होणारा उशीर जेमतेम 0.3 मायक्रोसेकंद. दोन यानांवर दोन घड्याळं, आणि त्यांच्यात तेवढीही चूक पडली तर मापनच वाया. म्हणून फिले नुसतं ऐकत नव्हतं. रोझेटाकडून आलेल्या संकेताचं सर्वांत उंच शिखर ते जागच्या जागी हुडकायचं, त्या क्षणाला आपली वेळ जुळवून घ्यायचं आणि तोच संकेत परत पाठवायचं. वेळेची अंतिम मोजणी रोझेटाच्या एकाच घड्याळावर, त्यामुळे दोन घड्याळांतला फरक आपोआप गळायचा. स्थिरांक आला 1.27. बर्फ आणि धूळ यांचं घट्ट मिश्रण याच्या कितीतरी वर असतं, तेव्हा या गोळ्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पोकळी आहे. शिवाय लहर फारशी विखुरली नाही, म्हणजे आत दहा-वीस मीटरच्या मोठाल्या गुहा नाहीत.

यंत्रांचं बिघडणं बहुधा अँटेनापाशी होतं, कारण लांब लहरीला लांब अँटेना लागते आणि ती घडी घालूनच न्यावी लागते. मार्सिसच्या 20 मीटरच्या पहिल्या काठीचे 13 तुकडे. मे 2005 मध्ये ती उलगडताना दहावा पक्का बसलाच नाही. थंडीने आखडलेली बाजू सूर्याकडे वळवून तापवल्यावर तो जागी बसला. एप्रिल 2023 मध्ये निघालेल्या ज्यूस यानावर राइमची 16 मीटरची अँटेना एका छोट्या खिळीमुळे अडकली. इंजिनं चालवून हादरे दिले, ऊन दाखवलं, आणि शेवटी 12 मे रोजी पकडीतलं एक यांत्रिक साधन उडवल्यावर त्या धक्क्याने खिळी काही मिलिमीटर सरकली आणि अँटेना मोकळी झाली.

राइम 9 मेगाहर्ट्झवर चालतं आणि बर्फात 9 किलोमीटरपर्यंत पोहोचावं अशा बेताने बांधलं आहे. अडचण आहे ती गुरूचीच: या वारंवारतेवर तो स्वतः प्रचंड गोंगाट करतो. म्हणून सर्वांत चांगली मापनं चंद्राच्या गुरूकडे पाठ असलेल्या बाजूवर होतील, जिथे चंद्राचा गोळाच गोंगाट अडवतो. ज्यूस तिथे पोहोचेल जुलै 2031 मध्ये.