येऊन बघतो

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज माझ्या चार हजार दोनशे ओळी पुसल्या गेल्या. पुसणारी टीममधली नवी मुलगी, येऊन आठ महिने झाले असतील. वर मथळा दिलेला, ‘न वापरलेला कोड काढला’. आणि तपासायला पाठवलं कुणाकडे, तर माझ्याकडे. ज्याचं घर पाडायचं त्याचीच सही. तिला माहीत नव्हतं. कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारा ‘ब्लेम’ उघडला असता तर ओळीओळीसमोर माझंच नाव दिसलं असतं, पण जे पुसायचंच आहे ते कुणी लिहिलं हे कोण बघत बसतं?

मी तसा शांत होतो. मग एका ओळीखाली तिचा प्रश्न दिसला. “सर, ही कॉमेंट कळली नाही. पाणी म्हणजे कुठलं मॉड्यूल?”

कोडमध्ये मीच लिहून ठेवलेली ती टीप अशी होती: ‘साडेपाच तास दोनदा मिळवतोय का आपण? पाणी आलंय, येऊन बघतो.’

ऑक्टोबर २०२०. त्या वर्षी उजनी काठोकाठ भरलेलं. पण ११७ टीएमसीचं धरण भरलं म्हणून आमच्या नळाला रोज पाणी येतं असं नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा मीटिंग असो की रिलीज, माणूस उठतो. खालून आईची हाक आली असणार. मी लॅपटॉप तसाच ठेवून मोटर लावायला गेलो असणार. हौद, दोन पिंपं, घागरी, कळशा. आणि मग येऊन बघितलंच नाही.

तिला काय उत्तर द्यायचं? ‘घरगुती कारण’ असं लिहिलं, मग पुसलं.

तीन महिने लागले होते त्या कामाला. गोदामात नेटवर्क गेलं तरी ऑर्डर फोनमध्ये साठून राहायची आणि नेटवर्क आलं की आपोआप पुढे जायची. त्या तीन महिन्यांत काय काय राहून गेलं ते आज लिहीत नाही. हिंजवडीत बसणाऱ्याला बढती मिळाली आणि सोलापुरात बसणाऱ्याला ‘छान काम केलंस’ असा मेल, तेही लिहीत नाही. काम तयार झालं आणि कुणीतरी म्हणालं, तूर्तास स्विच बंद ठेवू, गरज लागेल त्याच्यासाठी चालू करू. तो तूर्तास संपलाच नाही.

पण ‘न वापरलेला’ हा शब्द काही जाईना. संध्याकाळी मुकाट्याने लॉग काढून बसलो. साडेपाच वर्षांतला एकूण वापर, ११ वेळा. त्यातल्या नऊ नोंदी माझ्या स्वतःच्या खात्यातून, चाचणीच्या. हसू आलं. गल्लीतल्या नाटकाला अकरा प्रेक्षक आणि त्यात नऊ घरचे!

उरल्या दोन. मार्च २०२२, एकाच गोदामातून, आठ मिनिटांच्या अंतराने. वेळ पहाटेची, २ वाजून ४५ मिनिटं आणि २ वाजून ५३.

जेवतानाही तेच डोक्यात. पहाटे पावणेतीनला गोदामात कोण जागा होता? वॉचमनला ऑर्डर कशाला टाकायची असेल? शेंगा चटणीवर तेल घ्यायचं राहिलं तेव्हा आण्णांनी विचारलं, काय झालं बे. सांगितलं. त्यांनी भाकरीचा कडक पापुद्रा मोडला आणि म्हणाले, “मजुरी मिळाली ना? आमचे टॉवेल गठ्ठ्याने पडून राहायचे गोदामात. मालक काय मजुरी परत मागायला यायचा?”

मिळाली. मजुरी मिळाली. पण आण्णांना निदान गठ्ठा दिसायचा तरी. बरं, कोड पुसला म्हणून तो जातो कुठे? कोडचे बदल नोंदवणारं गिट सगळं जपून ठेवतं, जुन्या इतिहासात गेलं की ओळ न ओळ परत मिळते. मला परत नकोच आहे. मला फक्त तो माणूस हवा होता.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९२ मध्ये घाईच्या कोडला कर्जाची उपमा दिली. थोडी उधारी चालते, लवकर फेडली तर, असा त्याचा मुद्दा. मीटिंगमध्ये ‘टेक डेट’ म्हणून आम्ही तीच सारखी उगाळतो. उधारी केल्याची चिठ्ठी मात्र माझ्याच हातची निघाली. साडेपाच तास दोनदा मिळवतोय का आपण.

हे वरचं वाक्य लिहिलं आणि तिथेच थांबलो.

सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो, आपण त्यात साडेपाच तास मिळवून दाखवतो. फंक्शन उघडलं. ऑर्डर निघतानाच फोन साडेपाच तास मिळवत होता, आणि नोंद करताना मी ते परत मिळवत होतो. दोनदा. वही घेऊन बोटांवर उलटं मोजलं. पावणेतीनमधून साडेपाच गेले, आदल्या रात्रीचे सव्वानऊ.

सव्वानऊ! म्हणजे गोदाम बंद करायच्या आधीचा गडी. शटर अर्धं ओढलेलं, नेटवर्क गेलेलं, उद्या सकाळच्या गाडीचा माल लिहायचा राहिलेला. त्याने दोन ऑर्डरी टाकल्या. गेल्या की नाही पाहिलं, तर त्याही दिसल्या, दोन्ही पोचलेल्या.

माझ्या नऊ नोंदीही साडेपाच तास पुढच्याच निघाल्या. दुपारचं काम रात्रीचं दिसत होतं आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. त्या महिन्यांत तसाही काय फरक होता.

आत्ता तिला उत्तर लिहिलं. “पाणी म्हणजे नळाचं पाणी. प्रश्न बरोबर होता, साडेपाच तास दोनदाच मिळवले जात होते. आज बघितलं.” खाली मंजुरीचं बटण दाबलं. चार हजार दोनशे ओळी गेल्या.

तिचा लगेच अंगठा आला. पावणेबारा वाजलेत, ही का जागी आहे कोण जाणे. उद्या विचारतो.