मत्वाराची तूर आणि जळगावची डाळ

जळगावच्या डाळ मिलमध्ये आफ्रिकी तूर तळहातावर घेतली, तेव्हापासून टांझानियाचा दक्षिण किनारा, म्हणजे मत्वारा आणि लिंडी, मनातून जात नाही. आपली नवी आवक सुरू होण्याआधीच तिथली तूर निघते. पण २०१७ साली भारताने आयातीवर मर्यादा घातली आणि तिथल्या शेतकऱ्याचे भाव कोसळले, हे दुःख कापूस पिकवणाऱ्या खान्देशाला वेगळे सांगायला नको. त्यामुळे नुसत्या खरेदी-विक्रीत पैसा गुंतवणे मला धोक्याचे वाटते. तिथला काजूही बहुतांश कच्चाच भारत आणि व्हिएतनामला जातो, म्हणून खरी संधी मत्वारा-लिंडीतच काजू फोडण्याच्या आणि डाळ भरडण्याच्या कारखान्यांत आहे. मत्वाराला खोल नैसर्गिक बंदर आहे आणि जवळच्या म्नाझी बे येथे नैसर्गिक वायू निघतो.